शब्दचर्चा: हात ‘आत फिरवणे’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: खांद्याच्या रुग्णांसाठी व्यायामाचं पत्रक मराठीत करते आहे. जुन्या मसुद्यात ‘इंटर्नल रोटेशन’ आणि ‘प्रोनेशन’ दोन्हींना ‘हात आत फिरवणे’ म्हटलंय. वेगळे शब्द सुचवाल का?

उत्तर १: वेगळे शब्द हवेतच, कारण दोन्हींत फिरणारं हाड वेगळं आहे. कोपर अंगाला लावून काटकोनात वाकवा, अंगठा वर ठेवा आणि पंजा पोटाकडे न्या. दंडाचं हाड खांद्यात आपल्याच आसाभोवती आत वळलं, हे इंटर्नल रोटेशन. आता कोपर न हलवता तळहात जमिनीकडे करा. दंड जागच्या जागी राहिला. कोपराखालच्या दोन हाडांपैकी रेडियस अल्नावरून तिरकी गेली. हे प्रोनेशन. तळहात वर केला की दोन्ही हाडं पुन्हा समांतर येतात, ते सुपिनेशन. कोपर ताठ असेल तर खांद्याचं फिरणं यात मिसळतं आणि सगळा घोळ तिथेच होतो.

या जोडीसाठी आपल्याकडे पालथा आणि उताणा हे शब्द आहेतच. आपण निजण्यालाही तेच वापरतो, जसं डॉक्टर प्रोन आणि सुपाइन म्हणतात. ‘तळहात पालथा करा’ हे आजीलाही कळेल.

उत्तर २: खांद्यासाठी अंतःपरिवलन (आत वळणं), बहिःपरिवलन (बाहेर वळणं). शाळेच्या भूगोलात स्वतःभोवती फिरणं म्हणजे परिवलन आणि सूर्याभोवती फिरणं म्हणजे परिभ्रमण, हे शिकलेलोच आहोत. इथेही हाड स्वतःभोवतीच फिरतं. हिंदी पुस्तकांतलं ‘घूर्णन’ उचलायची गरज मला वाटत नाही.

उत्तर ३: परिवलन मान्य, पण कोणत्या हाडाचं ते प्रत्येक वेळी लिहा. पायाच्या बाबतीत तर फारच जपा. खुर्चीवर बसून, गुडघा जागेवर ठेवून पाऊल बाहेर नेलं, तर मांडीचं हाड खुब्यात आत वळतं! मांडी घालून बसताना तेच हाड बाहेर वळलेलं असतं. म्हणून नुसतं ‘पाय बाहेर फिरवा’ लिहिलं तर निम्मे लोक उलटा व्यायाम करतील.

प्रश्नकर्ती: मग रुग्णांसाठी असं चालेल? ‘कोपर अंगाला टेकवा आणि पंजा बाहेर न्या.’ परिवलन हा शब्द फक्त शीर्षकात ठेवते.

उत्तर १: चालेल, फक्त ‘अंगठा वरच राहू द्या’ हे जरूर जोडा. फ्रोजन शोल्डरमध्ये, म्हणजे खांदा दुखून आखडतो त्या आजारात, सहसा बहिःपरिवलनच सगळ्यात जास्त आखडतं. रुग्णाने पंजा बाहेर नेण्याऐवजी नुसता उताणा केला, तर त्याला हात फिरल्यासारखा वाटेल, पण खांदा जराही हललेला नसेल.