डेबियनमधून नको ते काय काय काढू? (दुकानातला फाइल सर्व्हर)

मुद्रक_इचल: इचलकरंजीत डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स. जुन्या आय३ कॉम्प्युटरवर डेबियन १२ (लिनक्स) टाकलंय, डेस्कटॉपसकट. त्यावर सांबा (नेटवर्कवर फाइली वाटणारा प्रोग्राम) वापरून फाइली शेअर होतात, एक लेझर प्रिंटर यूएसबीनं जोडलाय. बाकी काही नको. मशीन सुरक्षित राहावं आणि लग्नसराईत अडू नये, एवढंच. पुतण्या म्हणतो, कर्नलसुद्धा (सिस्टिमचा गाभा) स्वतः कंपाइल करा, नको ते ड्रायव्हर उडवा. एवढं करावं लागतं का?

रूटकाका: पुतण्याला म्हणावं, आधी परीक्षा दे. कर्नल स्वतः बांधलं की दर सुरक्षा अपडेटला ते तुम्हीच बांधायचं. ऐन सराईत कोण बसणार? न लागणारे ड्रायव्हर बहुतेक डिस्कवर नुसते पडून असतात.

त्यापेक्षा ‘सुडो एसएस -टीयूएलएनपी’ चालवा. कुठला प्रोग्राम कुठल्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, कान लावून बसलाय ते दिसेल. १३९ आणि ४४५ सांबाचे, ते राहू देत. ६३१ नीट बघा. पुढे १२७.०.०.१ असेल तर कप्स (छपाई सांभाळणारा प्रोग्राम) फक्त त्याच मशीनपुरतं ऐकतंय, चालेल. पण यूडीपी ६३१ सगळीकडे उघडं दिसलं, तर तो कप्स-ब्राउज्ड, नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारा. सप्टेंबर २०२४ मध्ये गाजलेलं प्रकरण त्याचंच: बाहेरून एक पॅकेट आलं की हा परक्या प्रिंटरची माहिती आणायला निघायचा, आणि पुढे त्या प्रिंटरवर कुणी प्रिंट दिली की हल्लेखोराची कमांड चालायची. पॅच आला, पण यूएसबी प्रिंटरला तो मुळात लागतच नाही. पर्ज करा, म्हणजे सेटिंगसकट काढून टाका. आधी त्याच कमांडला ‘-एस’ लावून (नुसती तालीम, काही काढत नाही) यादी वाचा, सोबत आणखी काय जातंय ते कळतं. कप्स मात्र ठेवा, नाहीतर पत्रिका हातानं लिहाल.

बाइटभर: मी अवाही (नेटवर्कवरचे प्रिंटर वगैरे आपोआप शोधणारी सर्व्हिस) स्टॉप केलं, थोड्या वेळानं परत चालू! भूत आहे का?

रूटकाका: स्टॉप करताना टर्मिनलवर इशारा आला असेल, की अवाही-डीमन.सॉकेट याला पुन्हा उठवू शकतं. तो कुणी वाचत नाही. सर्व्हिस आणि सॉकेट दोन्ही मास्क करा, म्हणजे कुणी उठवलं तरी उठणार नाहीत. मग वायफायचा प्रिंटर आपोआप सापडणार नाही, तेव्हा आयपी टाकून जोडून घ्या.

मुद्रक_इचल: कप्स-ब्राउज्ड काढला, प्रिंट येतेय. लिब्रेऑफिस, गेम्स पण उडवू?

रूटकाका: पोर्टवर ऐकत नाहीत, आपणहून चालत नाहीत. जागा कमी पडत असेल तरच काढा. अनअटेंडेड-अपग्रेड्स (सुरक्षा अपडेट आपोआप टाकणारं पॅकेज) मात्र घालाच. आणि राउटरवर ४४५ फॉरवर्ड केलेलं, म्हणजे इंटरनेटवरून उघडं ठेवलेलं, नाही ना?

मुद्रक_इचल: राउटरचा पासवर्ड केबलवाल्याकडे आहे.

रूटकाका: मग हे सगळं राहू दे, आधी त्याला फोन लावा.