मदत हवी आहे: वस्तीवरची थंडी, लकवा झालेल्या सासूबाई आणि रात्रीची लाईट

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमची वस्ती दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीनेच्या अंगाला. गाव तीन किलोमीटर लांब. घरात मी, मालक, नववीतला पोरगा, पाचवीतली पोरगी आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७१. गौरी उठल्या त्याच आठवड्यात आत्यांना लकवा झाला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं एका सकाळीत गेलं. आता पाय थोडा हलतो, हात नाही. बोलणं चार-पाच शब्दांवर आलंय आणि तेही कानडी. त्यांचं माहेर विजापूरकडचं. पन्नास वर्षं आमच्यात मराठी बोलल्या, आता पाणी हवं असलं की ‘नीरु’. पोरगी हे शब्द पटापट शिकली, तीच मला सांगते.

दिवाळीपर्यंत निभावलं. थंडी पडली आणि सगळं विस्कटलं. घरावर पत्रा आहे. दुपारी तापतो आणि पहाटे त्यालाच आतून पाणी सुटतं, थेंब अंथरुणावर. सोलापुरात पारा १३-१४ म्हणतात तेव्हा नदीकाठच्या रानात त्याहून गार असतं. त्यात शेतीच्या मोटारीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. ज्वारी कोरडवाहू, तिचं काही नाही, पण गव्हाला पाणी लागतं. रात्रीची पाळी असली की मालक बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला जातात, ते उजाडता येतात. म्हणजे बरोबर थंडीच्या वेळी घरात आत्या आणि मी. पोरांना मुद्दाम उठवत नाही, सकाळी शाळा असते.

आता माझ्या हातून झालेलं सांगते. आत्या रात्री ‘चळी, चळी’ करत होत्या. चळी म्हणजे थंडी. आमच्याकडे जुनी रीत आहे, विटेचा तुकडा चुलीत तापवायचा, फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवायचा. आत्यांनीच माझ्या बाळंतपणात माझ्यासाठी केलं होतं. तसंच केलं. आत्या झोपल्या, मला बरं वाटलं. सकाळी मोजा काढला तर उजव्या टाचेवर लिंबाएवढा फोड. त्यांना कळलंच नव्हतं. कळलं असतं तरी सांगणार कशा? तीन आठवडे झाले, ड्रेसिंग चालू आहे. मालक एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

मग वीट बंद केली आणि घमेल्यात कोळसे करून खोलीत ठेवले, दार लावून. दोन रात्री बरं गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझं डोकं ठणकत होतं, उलटी झाली, आत्या नेहमीपेक्षा सुस्त. थंडी बाधली म्हणून सोडून दिलं, पण मनात शंका आहे.

आणखी एक. नणंदेने हवेची गादी पाठवली, माकडहाडापाशी लाल झालं होतं म्हणून. गादी चांगली आहे, पण वस्तीवरची लाईट गेली की पंप बंद आणि तासाभरात आत्या पत्र्याच्या कॉटवर टेकलेल्या. नणंद पुण्याहून रोज फोन करते, ‘वहिनी, दर दोन तासांनी कूस बदला.’ बदलते हो. पण ६०-६५ किलोचं माणूस, एकटीने, रात्री दोन वाजता?

आत्या संध्याकाळनंतर पाणी प्यायला तोंडच उघडत नाहीत. रात्री मला उठवायला नको म्हणून, हे मला कळतं. लघवी पिवळीजर्द होते. चहा दिला की ठसका लागतो.

तर विचारायचं हे, की आगीशिवाय ऊब कशी द्यायची, आणि रात्री एकटीने कूस कशी बदलायची? आणि हसू नका, पण आत्यांना हुरडा देता येईल का? परवा आगटी पेटवली होती. हुरडा भाजून हातावर चोळायचं काम दरवर्षी त्यांचं. कॉटवरून बघत होत्या, डावा हात पांघरुणावर तसाच चोळत होत्या.

—

ताई, मी वॉर्डात परिचारिका म्हणून २० वर्षं काढली. आधी कोळशाचं. ती शंका खरी धरा आणि ते घमेलं आजच बाहेर काढा. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतच माणूस जातं. डोकं ठणकणं आणि उलटी ही त्याचीच खूण. दार किलकिलं ठेवलं म्हणजे चालतं, असंही समजू नका.

विटेबद्दल स्वतःला दोष देत बसू नका, पण लकव्याच्या बाजूला गरम काहीही नको, रबरी पिशवीसुद्धा नको. पिशवीने आधी अंथरूण तापवा आणि आत्यांना निजवायच्या आधी काढून घ्या. टोपी, सैल मोजे, आणि एका जड वाकळेऐवजी दोन हलकी पांघरुणं. वाकळेचं वजन पायाच्या बोटांवर येतं. पोटरीखाली उशी द्या, टाच अधांतरी राहिली पाहिजे, नाहीतर तो फोड भरणार नाही. साखर तपासली नसेल तर तपासा, तीन आठवडे जरा जास्त झाले.

पाणी कमी करू नका, वेळ बदला. सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत थोडं थोडं भरपूर द्या. ठसका पातळाला जास्त लागतो. ताठ बसवून, चमच्याने, घट्टसर द्यायचं, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. घास फुफ्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो, म्हणून पुढच्या तपासणीला गिळण्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. ताप आला किंवा धाप लागली तर तपासणीची वाट बघू नका. अख्खा हुरडा नको. मऊ शिजवून, वाटून, गाळून चमचाभर देऊन बघा.

—

मी बार्शीकडचा. वडील चार वर्षं अंथरुणावर होते, आई आणि मी. कूस बदलायला आमची सोलापुरी चादर कामी आली. चौपदरी घडी घालून खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी अंथरायची. पलीकडची कड दोन्ही हातांनी धरायची, गुडघा कॉटला टेकवायचा आणि आपल्याकडे ओढायची. माणूस उचलायचं नाही, चादर ओढायची. पूर्ण कुशीवर नको, पाठीशी उशी देऊन थोडं तिरपं पुरतं. आईचं वजन ४५ किलो होतं, ती करायची.

गादीचा पंप झिरोच्या बल्बाइतकीच वीज खातो. घरच्या लहान इन्व्हर्टरवर रात्र निघते. तोवर लाईट गेली की दोन्ही नळ्या दुमडून कपड्याच्या चिमट्याने घट्ट धरा, हवा बराच वेळ टिकते. कॉटवर हवेच्या गादीखाली साधी कापसाची गादी असू द्याच.

पत्र्याखाली जुन्या साड्या जोडून छत बांधा, थेंब त्यावर झिरपतात. कॉट पत्र्याच्या भिंतीपासून हातभर लांब घ्या. आणि दादांनी सौर पंपाचा अर्ज केलाय का? सरकारी योजनेत सर्वसाधारण गटाला किमतीच्या १० टक्के भरावे लागतात. आमच्याकडे आल्यापासून रात्रीचं दारं धरणं संपलं.

—

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी लिहितेय, रात्रीची पाळी होती.

घमेलं गेलं. साड्यांचं छत पोरांनी बांधलं, माझ्या लग्नातला शालूही त्यात गेला, जाऊ दे. चादरीचं जमलं. पहिल्या रात्री जोरात ओढलं, आत्या माझ्या अंगावरच आल्या आणि दोघी हसलो. साखर जास्त निघाली, गोळी सुरू झाली. सौर पंपाचा अर्ज मालकांनी केलेला आहे, नंबर लागायचाय.

हुरडा शिजवला, दुधात वाटला, गाळला. ताठ बसवून चमचाभर दिला. ठसका नाही. आत्यांनी जिभेवर फिरवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘सप्पे.’ पोरगी ओरडली, आई, सप्पे म्हणजे अळणी! लकव्यानंतर आत्यांनी काढलेली ही पहिली खोड.

तर नर्सताई, शेंगाचटणी दह्यात अगदी गंधासारखी वाटून घातली तर चालेल का?