टेकडीवर रोपं लावली की ऑफिसचं काम संपलं का?

खडीसाखर: परवा शनिवारी आमचं ऑफिस पुण्यातल्या वेताळ टेकडीवर झाडं लावायला गेलं होतं, म्हणजे मीही होतो, हिरवा टीशर्ट घालून. 40 माणसं, 60 रोपं आणि टेकडीपर्यंत यायला 22 गाड्या. खड्डे आधीच खणलेले, आपण रोप ठेवायचं, माती लोटायची, फोटो काढायचा, मग उपमा आणि प्रत्येकाला प्लास्टिकची बाटली. सोमवारी ऑफिसात गेलो तर एसी 19 वर आणि अर्धी जनता जर्किन घालून बसलेली. मला वाटतं हे सगळं बंद करावं आणि त्या पैशात हिंजवडीला येणाऱ्या लोकांसाठी एक बस लावावी. तुम्हाला काय वाटतं?

घाटवाट: बंद करा म्हणायला काय जातंय. आमच्या गावाकडे मुळशीत बंधाऱ्यातला गाळ आणि शाळेची टॉयलेटं, दोन्ही कामं कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठी ठेवलेल्या पैशातून झाली, त्याआधी आमचे तात्या पंचायत समितीत फेऱ्या मारून मारून दमले होते. 2013 च्या कंपनी कायद्यात ते कलम 135 आलं नसतं तर कोण येणार होतं तिकडे?

खडीसाखर: गाळ काढला ते चांगलंच झालं, त्याला कोण नाही म्हणतंय. पण 5 कोटींच्या वर नफा असला की मागच्या 3 वर्षांच्या सरासरीचे 2 टक्के अशा कामांवर खर्च करावेच लागतात, तो काही दानधर्म नाही. आणि उरलेले 98 टक्के कमावताना काय घाण केली ते कोणी विचारतच नाही.

गवत्या: खड्डे आधीच खणलेले म्हणता ना, ते मागच्या वर्षीचे असणार. आम्ही रोज सकाळी तिथनंच जातो, मागच्या पावसाळ्यात निळ्या टीशर्टवाल्यांनी त्यातच लावली होती. मुळात टेकडीचा बराच भाग गवताळ माळ आहे, मुरमाची जमीन, चंडोल जमिनीवर घरटं करतो. तिथे दाट झाडी करायची हौस कशाला? आधीच गिरिपुष्पाच्या परदेशी झाडांनी किती जागा खाल्लीय ते एकदा बघून या.

तळघर२: मी एका मोठ्या ऑफिसात ॲडमिनला होतो, तिथली गोष्ट सांगतो. तेव्हाच्या 2016 च्या नियमाप्रमाणे दिवसाला 100 किलोच्या वर कचरा असला की ओला कचरा जागेवरच जिरवायचा. आमच्या कँटीनचाच दीडशे निघायचा. कचरा जिरवायचं मशीन घेतलं, मोठ्या साहेबांनी नारळ फोडला, दोन आठवड्यांत वासाच्या तक्रारी आल्या आणि बटण बंद. नंतर त्यावर हाउसकीपिंगचे मॉप वाळत असायचे, ऑडिटवाले येणार असले की आदल्या रात्री पुसून चालू, आणि कचरा नेहमीसारखा टेम्पोत. सुका कचरा न्यायला एक मावशी यायच्या, त्या एकदा म्हणाल्या, "साहेब, चहाचे कप कागदात टाकू नका ओ, उरलेल्या चहाने कागद भिजतो आन भंगारवाला भाव पाडतो." या एका वाक्यावर कंपनीत मेल फिरायला दीड महिना लागला. वृक्षारोपणाचा मेल एका तासात फिरायचा.

पगारदार: सगळंच नाटक म्हणू नका राव. शेअर बाजारातल्या बाजारमूल्याने पहिल्या 1000 कंपन्यांना, बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने 2022-23 पासून वीज, पाणी, कचरा सगळ्याचा रिपोर्ट सक्तीचा केलाय. आमची कंपनी त्यात नाही पण क्लायंट तशीच प्रश्नावली पाठवतो, ती भरता भरता पहिल्यांदा कळलं की रविवारी रिकाम्या मजल्यांवर पण लाईट-एसी चालू असतात. बंद केले मग. कोणाला पर्यावरणाचा पुळका नव्हता, फॉर्ममधला रकाना रिकामा दिसत होता म्हणून केले. मला चालतं असं.

घाटवाट: तेच म्हणतोय. मन साफ आहे का ते बघत बसलात तर गाळ तसाच राहील.

गवत्या: गाळाला कोणाची हरकत नाय हो, पण गावाला काय पाहिजे ते विचारून करा की. तुमच्या तात्यांनी मागितलं तेव्हा ते झालं. टेकडीवर रोज फिरणाऱ्यांना कोणी विचारलं?

खडीसाखर: बरं, मी आज एसी 24 वर करा म्हणून ऑफिसच्या सिस्टिमवर तिकीट, म्हणजे तक्रार, टाकलं. 2020 पासून नवीन घरगुती एसी चालू केला की 24 वरच सुरू होतो, मग ऑफिसने काय घोडं मारलंय? वीस मिनिटांत तिकीट क्लोज, कारण दिलंय 'युजर कम्फर्ट'.

तळघर२: असली तिकिटं मीच क्लोज करायचो. 24 केलं की पहिला फोन यायचा तो ग्रीन कमिटीच्या केबिनमधनं.