बेडकांच्या शुक्राणूंतली प्रथिनं : प्रत्येक फरकामागे कारण असायलाच हवं का?

ओढ्याकाठी (धागाकर्ता)

थोडी पार्श्वभूमी. आपल्या बहुतेक पेशींत डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एका रिळावर डीएनएच्या अक्षरांच्या साधारण 147 जोड्या. माणसाचा शुक्राणू तयार होताना यातली बहुतेक रिळं काढून टाकली जातात आणि त्या जागी प्रोटामिन येतं. हे अगदी छोटं आणि आर्जिनिन या धनभारित अमिनो आम्लाने ठासून भरलेलं प्रथिन. सामन माशाच्या प्रोटामिनमध्ये 32 पैकी 21 घटक आर्जिनिनच. स्विस संशोधक मीशरने 1874 मध्ये ते ऱ्हाइन नदीतल्या सामनमध्येच शोधलं होतं. पुस्तकं सांगतात की शुक्राणूचं डोकं आटोपशीर व्हावं आणि डीएनए सुरक्षित राहावा म्हणून ही सोय.

आता बेडकांकडे या. राना नावाच्या बेडकांच्या शुक्राणूत हिस्टोन मुक्काम ठोकून असतात, फक्त एच-1 या हिस्टोनचा खास अवतार दिसतो. आफ्रिकेतल्या झेनोपस लेविस या बेडकामध्ये एच-3 आणि एच-4 राहतात, एच-2ए आणि एच-2बी बहुतांशी जातात, आणि त्यांच्या जागी एसपी नावाची वेगळीच मंडळी येतात. ब्यूफो, म्हणजे आपल्या खरबरीत पाठीच्या भेकाच्या कुळातला, थेट प्रोटामिन वापरतो. तिघांचीही तऱ्हा तीच: नर मादीच्या पाठीवर, अंडी पाण्यात, फलन शरीराबाहेर. पिल्लं तिघांनाही होतात.

व्हँकुव्हरचे संशोधक हॅरल्ड कासिन्स्की यांचं म्हणणं असं की जिथे फलन शरीराच्या आत होतं तिथे या प्रथिनांना शिस्त लागते आणि प्रोटामिनच दिसतं. बाहेर फलन करणाऱ्यांत मात्र वैविध्य. मला हा अर्धाच सिद्धांत वाटतो. आतली शिस्त समजली, बाहेरच्या बेशिस्तीचं काय? माझं मत: बेडकांमधला हा फरक निरर्थक आहे. काहीही चाललं, म्हणून काहीही झालं. उगाच कारणं चिकटवू नयेत.

जेलवाली

असहमत. आधी हे "तीन प्रकार" आले कुठून ते बघा. शुक्राणूंची केंद्रकं आम्लात घुसळायची, प्रथिनं बाहेर काढायची आणि आम्ल-युरिया जेलवर, म्हणजे विजेच्या जोरावर प्रथिनं वेगळी करणाऱ्या थरावर, पळवायची. ही प्रथिनं धनभारित, त्यामुळे नेहमीच्या जेलच्या उलट तारा जोडाव्या लागतात. एमएस्सीला असताना मी सवयीने सरळ जोडल्या आणि दोन आठवडे जमवलेलं सगळं प्रथिन खाली न जाता वरच्या बफरमध्ये निघून गेलं. गाइड काही बोलल्या नाहीत, नुसत्या तारांकडे बघत उभ्या राहिल्या. असो. मुद्दा हा की जेलवरची पट्टी विद्युतभार आणि आकार दाखवते, वंशावळ नाही. 1969 मध्ये ब्लॉक या संशोधकाने शुक्राणूंच्या या प्रथिनांची वर्गवारी केली तेव्हा एका गटाला नावच "राना" दिलं. ते नाव पट्ट्यांच्या नमुन्याचं, नात्याचं नाही.

दुसरं. लायसिन या दुसऱ्या अमिनो आम्लाने भरलेल्या हिस्टोन एच-1 कडून आर्जिनिनवाल्या प्रोटामिनकडे जायला फार मोठी उडी लागत नाही. 2004 मध्ये ट्युनिकेट या समुद्री प्राण्यांत दिसलं की जनुकातली अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचणारी चौकट एका अक्षराने सरकली की लायसिनची रांग आर्जिनिनची होते. लायसिनचे एएजी एएजी सरकवून वाचा, आर्जिनिनचा एजीए हाती लागतो. उडी इतकी स्वस्त असताना राना ती मारत नाही, याचाच अर्थ त्याला काहीतरी धरून ठेवतंय.

ओढ्याकाठी

स्वस्त आहे म्हणूनच तर म्हणतो! जी गोष्ट सहज येते आणि सहज जाते, ती कुठे आहे नि कुठे नाही याला नशिबापलीकडे कारण लागत नाही. माशांतही तेच: सामन आणि हेरिंग प्रोटामिनवाले, झेब्राफिश हिस्टोनवाला.

वाचनमात्र

बायपासनंतर काकांना प्रोटामिन दिलं होतं असं कागदावर वाचलंय. तेच का हे?

जेलवाली

तेच. रक्त गोठू न देणारं हेपरिन ऋणभारित, प्रोटामिन धनभारित. दोघं एकमेकांना चिकटतात आणि हेपरिनचा असर संपतो. एनपीएच इन्सुलिनमधला "पी" पण हाच.

शेवटचा_बाक

धागाकर्त्यांनी "निरर्थक" शब्द फार सैल वापरलाय. 2000 साली नेई आणि सहकाऱ्यांनी सस्तन प्राण्यांचं प्रोटामिन तपासलं. आर्जिनिन कुठे बसलंय ते बदलत राहतं, पण एकूण प्रमाण टिकून राहतं. वर्गात कोण कुठल्या बाकावर बसतो याची मास्तरांना फिकीर नाही, हजेरी मात्र पूर्ण हवी. ही नैसर्गिक निवडच आहे. अक्षरांवर नाही, विद्युतभारावर आहे.

ओढ्याकाठी

सस्तन प्राण्यांत आहेच, ते आत फलन करणारे. बेडकांचं बोला.

अंड्याची_बाजू

सगळे नराचीच बॅग तपासताय. ती उघडते कोण? झेनोपसच्या अंड्यात न्यूक्लिओप्लाझ्मिन ठासून भरलेलं असतं. लास्कीने 1978 मध्ये दाखवलेलं हे प्रथिन. "रेणूंचा चॅपरोन", म्हणजे रेणूंना सांभाळणारा सोबती, हा शब्दप्रयोग पहिल्यांदा याच्यासाठीच झाला. शुक्राणू आत आला की ते एसपी प्रथिनं उतरवून घेतं आणि एच-2ए, एच-2बी बसवून देतं. काही मिनिटांचं काम. अंडं इतकं तयारीत असेल तर नराने काय भरून आणलं याने फार बिघडत नाही. इथपर्यंत मी धागाकर्त्यांच्या बाजूने.

पण 2016 मध्ये गर्डन यांच्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेने झेनोपसचे पक्व शुक्राणू आणि त्यांच्या आधीचे अपक्व स्परमॅटिड, दोन्ही अंड्यात घालून पाहिले. स्परमॅटिडपासूनचे भ्रूण कमी जगले. जनुकं तीच, फरक शुक्राणूतल्या हिस्टोनवरच्या रासायनिक खुणांचा. म्हणजे टिकलेले हिस्टोन नुसतं सामान नाही, सामानावरची चिठ्ठीही आहे.

ओढ्याकाठी

मग भेकाचं काय? त्याने हिस्टोनच फेकले, म्हणजे चिठ्ठीही गेली. तरी पहिल्या पावसात डबक्याकाठी त्याची काळी माळ पडलेली असतेच. चिठ्ठीवाचून ज्याचं अडत नाही, त्याला चिठ्ठी लागतेच असं कसं म्हणता?

जेलवाली

"फेकले" कशावरून? जेलवर दिसत नाहीत म्हणून. जेल रंगवल्यावर पट्टी दिसायला किमान काही माल लागतो. उंदराच्या शुक्राणूतही शेकडा एक-दोन टक्के हिस्टोन उरतात. तेवढे जेलवर सहज निसटतात. भेकात शून्य आहेत हे दाखवायला जेल पुरत नाही. चार ओळींची चिठ्ठी असेल आणि आपण पोतं शोधत असू.

ओढ्याकाठी

हे मात्र पटलं. "निरर्थक" मागे घेतो. "किंमत न पडणारा फरक" म्हणतो.

शेवटचा_बाक

तेही सिद्ध करायचंय. पण चला, एक पायरी उतरलात.

भिजलेला_सह्याद्री

तुमच्या वादात आमच्या घाटातला एक साक्षीदार आणतो. निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी, बॉम्बे नाइट फ्रॉग. पक्षितज्ज्ञ हुमायून अब्दुलालींचं नाव दिलेला. 2016 मध्ये त्याच्या मीलनाची तऱ्हा प्रसिद्ध झाली: नर मादीला मिठी मारत नाही, तिच्यावर पाय टाकून बसतो, तिच्या पाठीवर वीर्य सोडतो आणि निघून जातो. अंडी मादी त्यानंतर घालते, बहुधा ओढ्यावर झुकलेल्या पानावर. वीर्य पाठीवरून ओघळत अंड्यांपर्यंत पोचतं. फलन बाहेरच, पण शुक्राणूला ना तळं, ना नराची साथ. याचे हिस्टोन टिकलेले असतील की गेलेले?

अंड्याची_बाजू

भारी प्रश्न. वनखात्याची परवानगी मात्र आधी.

ओढ्याकाठी

जेल चालवण्याआधी अंदाज इथेच लिहून ठेवू. कारण शोधणाऱ्यांनी आपलं कारण वापरून उत्तर सांगावं. माझ्याकडे कारणच नाही, त्यामुळे नाणं उडवतो: हिस्टोन.

जेलवाली

ओल्या पाठीवरून घरंगळायचं आहे, वाळण्याचा धोका आहे. माझा अंदाज भेकासारखं प्रोटामिन. चुकले तर इथेच येऊन कबूल करेन.

शेवटचा_बाक

तारा आधी बघून घ्या म्हणजे झालं.