महापुरात बुडालेली १९७२ ची डॅटसन २४०-झेड : आधी इंजिन की आधी पत्रा?

नागाळापार्ककर यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या घरी १९७२ सालची, उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेली डॅटसन २४०-झेड आहे. मुंबईतील एका परदेशी वकिलातीची गाडी विक्रीला निघाली तेव्हा वडिलांच्या मामांनी ती घेतली होती आणि त्यांच्या पश्चात ती कोल्हापुरात आमच्याकडे आली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या आवारात पाणी शिरले आणि गाडीच्या सीटच्या खालच्या कडेपर्यंत ते दोन दिवस तसेच राहिले. पाणी ओसरल्यावर आम्ही गाडी धुतली, सीट आणि कार्पेट काढून वाळवले. मात्र घराच्या दुरुस्तीतच इतके गुंतलो की गाडीवर ताडपत्री टाकली ती टाकलीच.

वडील आता निवृत्त झाले असून गाडी पुन्हा रस्त्यावर यावी अशी त्यांची इच्छा आहे. इंजिन हाताने फिरत नाही. शहरातील एका गॅरेजमध्ये दाखवले असता, हे सहा सिलिंडरचे इंजिन गेलेलेच समजा, त्या जागी एखाद्या चालू मॉडेलचे इंजिन बसवू आणि वरून रंग मारून तीन महिन्यांत गाडी देऊ, असे सांगण्यात आले. पूर येण्याच्या काही वर्षे आधी पुन्हा रंग दिलेला असल्याने पत्रा वरून तरी चांगला दिसतो. सगळा खर्च एकदम करणे आम्हाला शक्य नाही, म्हणून सुरुवात इंजिनापासून करावी की पत्र्यापासून, आणि इंजिन बदलण्याचा सल्ला मानावा की नाही, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

टाकाळ्याचा जुनागाडीवाला

आपण गॅरेजला अजून होकार दिलेला नाही, हे वाचून बरे वाटले. याच घराण्यातील एक २६०-झेड मी एका नातेवाइकाबरोबर सहा वर्षांत उभी केली. त्या सहा वर्षांतील पहिले वर्ष आम्ही इंजिनावर घालवले आणि मग तेच इंजिन पत्र्याच्या कामासाठी पुन्हा खाली उतरवावे लागले, म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे : आधी पत्रा.

कारण असे की या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा आणि त्याला खालून जोडलेल्या पोकळ पट्ट्या हाच तिचा सांगाडा असतो. या पट्ट्या आतून कुजल्या असतील तर वरचा रंग म्हणजे भिंतीला ओल असताना दिलेला चुना. बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा, वायपरखालची पन्हळ, दाराच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे असलेला खालचा कोपरा, दाराखालचा उंबरठा आणि स्टेपनीची खोलगट जागा ही या मॉडेलची ठरलेली दुखणी आहेत. एक लहान लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून या जागांवरून हळूहळू फिरवा. चुंबक जिथे पकड सोडेल, तिथे पत्रा नसून पुट्टी आहे असे समजावे. त्यानंतर खालच्या बाजूने स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहावे. टोक आत गेले तर वाईट वाटून घेऊ नये, कारण ते भोक तिथे आधीपासूनच होते.

आपल्या गाडीबाबत मला खरी काळजी पंचगंगेच्या गाळाची वाटते. गाडी बाहेरून धुतली तरी उंबरठ्याच्या पोकळीत शिरलेला काळा गाळ आपोआप बाहेर येत नाही आणि दर पावसाळ्यात तो हवेतील ओलावा ओढून घेत राहतो. उंबरठ्याच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती तारेने मोकळी करून आत काय साठले आहे ते आधी बघा.

कुजलेला भाग कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी पाइप टाचून घ्यावेत. आम्ही ही काळजी फक्त एका बाजूला घेतली आणि दुसऱ्या बाजूचे दार पुढे चार महिने लागेना. नवा पत्रा २० गेजचा सीआर (थंड अवस्थेत लाटलेला) घ्यावा आणि गॅस वेल्डिंगऐवजी मिग वेल्डिंगचे छोटे टाके एकमेकांपासून दूर दूर मारावेत, म्हणजे पत्रा तापून वाकणार नाही. सांधा झाल्यावर पोकळीच्या आत मेणासारखे गंजरोधक फवारायला विसरू नये, कारण वरून कितीही महागडा रंग दिला तरी गंज आतूनच येतो.

आता इंजिनाबद्दल. २३९३ सीसीचे हे एल-२४ इंजिन बिडाच्या ब्लॉकचे असून फार दणकट आहे. ते फिरत नाही याचा अर्थ बहुधा इतकाच की पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरल्या आहेत. प्रथम सम्पचा (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा) नट उघडून खाली साठलेले पाणी जाऊ द्या. नंतर सहाही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल समप्रमाणात मिसळून थोडे थोडे सोडा आणि आठवडाभर थांबा. मग क्रँक-पुलीच्या बोल्टला पाना लावून मागे-पुढे हलके झुलवत राहा. गाडी गिअरमध्ये टाकून चार माणसांनी ढकलण्याचा मोह मात्र टाळा. सुटायचे ते सुटत नाही आणि भलतेच तुटते.

हेड (सिलिंडरवरचे झाकण) काढायची वेळ आलीच तर कॅमचा स्प्रॉकेट (दातेरी चाक) सोडण्याआधी टायमिंग चेनच्या दोन्ही पदरांमध्ये लाकडी पाचर घट्ट ठोकून बसवा. ती नसेल तर चेन ताणून धरणारा खालचा टेन्शनर निसटून बाहेर येतो आणि अर्ध्या दिवसाच्या कामासाठी इंजिनाचे संपूर्ण पुढचे कव्हर खोलावे लागते. हेड ॲल्युमिनियमचे असून तापल्यावर वाकते. ते घासून सपाट करून घेतले, तर जितके घासले तितक्याच जाडीच्या शिम (पातळ चकत्या) कॅमच्या खांबांखाली द्याव्या लागतात, नाहीतर चेन ढिली पडून टायमिंग मागे राहते. इंजिन जुळल्यावर व्हॉल्व्हचे अंतर थंड असताना इनटेकला ०.२० आणि एक्झॉस्टला ०.२५ मिलिमीटर ठेवावे. रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कधीही घालू नये. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे असावे.

दोन बारीक गोष्टी सांगतो, कारण त्यांनीच आमचे सर्वांत जास्त नुकसान केले. जपानी गाड्यांतील १० मिलिमीटरच्या बोल्टचा आटा बहुधा १.२५ पिचचा (दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर) असतो आणि आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो १.५ चा. पहिले दोन आटे तो गोडीने बसतो, पुढे जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे घेऊनच बाहेर येतो. तसेच कार्बोरेटरवरचे फुलीचे स्क्रू जपानी मानकाचे असतात, त्यांना साधा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर लावला की खाच गोल होते. जपानी मानकाचा एक संच आधी विकत घ्या, मग कार्बोरेटरला हात लावा.

पेट्रोलचा विषय वेगळाच आहे. आज पंपावर मिळणारे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल १९७२ च्या रबराला मानवत नाही. नळ्या मऊ पडतात, पंपाचा पडदा फुगतो, आणि इथेनॉल पाणी शोषून घेत असल्याने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. टाकी उतरवून स्वच्छ करावी आणि नळ्या व सील इंधनाला टिकणाऱ्या व्हायटॉन रबराचे टाकावेत. हिताची कार्बोरेटरांचा मिक्स्चर-नट पूर्ण वर नेऊन तेथून अडीच फेरे खाली आणणे ही जुनी सुरुवातीची जागा आहे. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ पडते, म्हणून त्याहून थोडे अधिक खाली आणावे लागेल.

जाता जाता, १९७३ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली भारतीय वंशाच्या शेखर मेहता यांनी याच मॉडेलच्या गाडीने जिंकली होती. तिकडच्या चिखलात ज्या इंजिनाने दम दाखवला, ते दोन दिवसांच्या पाण्याने गेले असे न तपासताच म्हणणाऱ्याकडे गाडी सोपवू नये, असे माझे मत आहे.

कागदपत्री

पत्र्याविषयी वरील सभासदांनी सविस्तर लिहिले आहे. मी केवळ नोंदणीबद्दल लिहितो, कारण इंजिन बदलण्याचा प्रश्न खरे तर तिथेच निकाली निघतो.

केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षे पूर्ण झालेल्या खासगी दुचाकी व चारचाकी गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि फेरनोंदणीचे ५,००० रुपये असून नोंदणी दहा वर्षांसाठी असते. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिन यांत बदल करून गाडीचे मूळ रूप पालटलेले नसावे, ही अट त्याच व्याख्येत आहे. म्हणजे गॅरेजने सुचवलेले इंजिन बसवले की हा मार्ग आपण स्वतःच्या हाताने बंद केला. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. वडिलांना रोज संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर मारायची असेल, तर साधी नोंदणीच पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवावी, आणि त्या मार्गानेही इंजिन बदलायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी व आरसी पुस्तकात नोंद लागतेच.

पत्र्याचे काम सुरू करण्यापूर्वी इंजिनामागच्या फायरवॉलवर (इंजिन आणि बसण्याची जागा यांमधल्या पत्र्यावर) ठोकलेला चासी नंबर शोधून त्याचा छाप घ्या. उजव्या स्टिअरिंगच्या २४०-झेडचा नंबर एचएस-३० या अक्षरांनी सुरू होतो. रंगाच्या थराखाली तो झाकला गेला असेल तर रंग रसायनाने उतरवा. तेथे ग्राइंडर लावू देऊ नका.

उद्यमनगरचा टर्नर

टाकाळ्याच्या साहेबांशी मी नव्वद टक्के सहमत आहे. राहिलेल्या दहा टक्क्यांचे कारण असे की, पत्र्याच्या आधी मागचे सस्पेन्शन सोडवून ठेवावे असे मला वाटते, कारण त्याला वेळ लागतो आणि तो वेळ तेलात भिजण्याचा असतो.

मागच्या खालच्या आर्ममधून आरपार जाणारी एक लांब स्पिंडल-पिन असते. पाण्यात न बुडालेल्या गाड्यांतही ती हबच्या कास्टिंगमध्ये गंजून जाम झालेली असते. माझ्याकडे एका गाडीची आली होती, तिच्या दोन्ही टोकांवर इतके हातोडे पडले होते की आटे फुलून भूछत्रासारखे झाले होते, आणि पिन केसभरही हललेली नव्हती. ती हलणार कशी? पिनच्या मध्यावर एक आडवी खीळ असते, ती आधी काढावी लागते, आणि तीच कोणी काढली नव्हती. आधी ती खीळ काढावी, आठ-दहा दिवस रोज तेल सोडावे, मग कास्टिंग बाहेरून गरम करून पुलरने (ओढून काढण्याच्या हत्याराने) किंवा प्रेसने सरळ रेषेत दाब द्यावा. पिनवर हातोडा मारू नये.

पिन खराब निघाली तर ईएन-२४ पोलादाची नवी करून, हार्डनिंग-टेम्परिंग आणि ग्राइंडिंग करून मिळते. म्हादबा मिस्त्रींच्या काळापासून ऑइल इंजिने घडवणाऱ्या या गावाला एक पिन जड नाही. मात्र नमुना म्हणून जुनी पिन टाकून न देता सोबत आणा आणि माप तिच्या न झिजलेल्या भागावर घ्यायला सांगा. बुश, शिम, पुलर, पाण्याच्या पंपाचा शाफ्ट हे सर्व इथे उत्तम होते. ब्रेकच्या सिलिंडरला आतून स्लीव्ह घालून घेता येते, पण त्याची रबरे तयार आणि खात्रीचीच घ्यावीत. ब्रेकचे रबरही आम्हीच कापून देतो म्हणणाऱ्याकडून उठून यावे, मग तो माझा शेजारी का असेना.

डिफरन्शियल (मागच्या चाकांना फिरवणारा गिअरचा संच) आणि गिअरबॉक्सचे तेल न बघता गाडी ओढूसुद्धा नका. तेल ताकासारखे दिसले तर पाणी आत गेलेले आहे.

नागाळापार्ककर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी वडील आणि मी मिळून सांगितल्याप्रमाणे पाहणी केली. लोहचुंबक डाव्या उंबरठ्यावर जवळपास कुठेच टिकले नाही. उजव्या बाजूला निचऱ्याची छिद्रे मोकळी केल्यावर सुमारे पाऊण तगारी कोरडा गाळ निघाला आणि त्यात, कसे आले कोण जाणे, धाकट्या बहिणीचे एक कानातले होते. डिफरन्शियलचे तेल ताकासारखे आहे. गिअरबॉक्सचे मात्र काळे, पण पाणी न मिसळलेले निघाले. चासी नंबर रंगाखाली सापडला असून तो आरसी पुस्तकाशी जुळतो.

इंजिनात तेल सोडून सहा दिवस झाले होते. वडिलांनी पाना लावला तेव्हा पुली पहिल्यांदा बोटभर सरकली आणि परत त्याच जागी आली, म्हणून आम्ही तेथेच थांबलो आणि आणखी तेल सोडले. गॅरेजला नको म्हणून कळवले आहे. मागच्या दोन्ही पिनांच्या मधल्या खिळी निघाल्या. त्या एका पिशवीत घालून वर डावी-उजवीची चिठ्ठी लावून ठेवली आहे. पुढच्या आठवड्यात आर्म उतरवून उद्यमनगरला आणतो.