मदत हवी आहे: सिमोन व्हेय यांच्याविषयी

आमच्या महिला मंडळात मला सिमोन व्हेय यांच्यावर बोलायचंय. आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेली ही मुलगी, हातावर कैदी क्रमांक ७८६५१ गोंदलेला, पुढे १९७४ मध्ये फ्रान्सची आरोग्यमंत्री झाली. नोव्हेंबरमध्ये बहुतांशी पुरुषांनी भरलेल्या संसदेत तिने गर्भपाताला परवानगी देणारा कायदा मांडला, अर्वाच्य शिव्या सोसल्या आणि २८४ विरुद्ध १८९ मतांनी तो मंजूर करून घेतला. वाचताना अंगावर काटा येतो! १९७९ मध्ये ती युरोपीय संसदेची अध्यक्षही झाली.

मला अडतंय ते ती मंत्री होण्याआधीच्या काळापाशी. न्यायखात्यात असताना तिने तुरुंगातल्या स्त्रियांसाठी जे काम केलं, त्यावर मराठीत काही आहे का? कुणी फ्रेंच जाणणारं असेल तर तिचं संसदेतलं भाषण समजून घ्यायला मदत कराल का? कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे.