अनुभव धागा: भुताआधी घर. आईबाप आणि लेकरांचे भयपट

कृष्णाकाठ, सांगली

भयपटात भूत कितव्या मिनिटाला आलं याची चर्चा फार होते. ते येण्याआधी त्या घरात आई-लेकराचं, बाप-लेकराचं काय फाटलं होतं, यावर कोणी बोलत नाही. माझ्या मते सगळी भीती तिथूनच येते. सातारा-सांगली पट्ट्यात लघुपट करणारी, नाटकाकडून कॅमेऱ्याकडे आलेली, गावात पडदा लावून सिनेमे दाखवणारी पुष्कळ मंडळी आहेत. त्यांनी इथे कामातलं लिहावं ही विनंती. आपण किती घाबरलो ते नको. दृश्य कसं बांधलंय, आपल्याकडे तसं करायला गेलं तर कुठे फसतं, किती माप, किती वेळ, ते हवं. शेवट उघड होणार आहेत. ज्यांनी सिनेमे पाहिले नाहीत त्यांनी बेताने वाचावं.

तारवाडा, मिरज (पटकथा)

पहिल्या पंधरा मिनिटांत तडा दाखवायचा, तोही भुताला हात न लावता. 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) लोकांना फिरणाऱ्या मानेमुळे आठवतो. पण त्यात आधी काय आहे पाहा. मुलीचा वाढदिवस आहे, परदेशातल्या बापाचा फोन आलेला नाही, आई फोनवर ऑपरेटरवर ओरडतेय आणि मुलीला ते ऐकू येतंय. पुढे जे काही त्या खोलीत येतं, त्याला दार इथे उघडलं जातं. 'द बाबाडूक' (२०१४) मध्ये बांधणी याहून घट्ट आहे. आईला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना नवरा अपघातात गेला. म्हणजे मुलाचा जन्मदिवस हाच बापाचा मृत्युदिवस. म्हणून त्या पोराचा वाढदिवस त्याच्या तारखेला कधी होतच नाही, मावसबहिणीच्या वाढदिवसात उरकला जातो. एका तारखेत सगळा सिनेमा बसलाय.

लिहून झाल्यावर एक चाचणी करा. भुताची सगळी दृश्यं पेन्सिलीने खोडा आणि उरलेलं वाचा. ते घरगुती नाटक म्हणून उभं राहिलं तर पटकथा तयार आहे. बहुतेक लघुपट इथेच कोसळतात, कारण आईबापाचा सगळा दोष भुताने उचललेला असतो. शेवटी मांत्रिक येतो, भूत जातं, आई गोड होते. मग आधीची तिची चिडचिड कोणाची होती?

दुसरं, न बोललेलं वाक्य. 'हेरेडिटरी' (२०१८) मधलं जेवणाच्या टेबलावरचं भांडण हे त्याचं उत्तम उदाहरण. मुलगाच आईला डिवचतो, मनात आहे ते बोलून टाक म्हणतो, आणि ती बोलते. पण मुळावरचं वाक्य, तिला आई व्हायचंच नव्हतं हे, ती स्वप्नात बोलते. जागेपणी भांडण आणि झोपेत कबुली, हा क्रम उलटला तर दोन्ही दृश्यं मरतात.

आपल्याकडे हे भाषांतरित करून चालत नाही. कृष्णाकाठच्या घरात आई पोराला तोंडावर असं म्हणणार नाही. ती शेजारणीला म्हणेल, "आमच्या लेकाला कुठं आमची किंमत?" आणि लेक पलीकडे चूळ भरत उभा असेल. बाप तर बोलणारच नाही, ताट सरकवून उठेल. संवाद तिसऱ्याला उद्देशून लिहा, कॅमेरा ज्याला लागलंय त्याच्यावर ठेवा.

घाटमाथा, वाई

मिरजकर दादांना पुरवणी. आपल्या मातीतलं सगळ्यात पक्कं उदाहरण 'तुंबाड' (२०१८). लालसेची गोष्ट म्हणून तो सांगितला जातो. पण १९१८, १९३३ आणि १९४७ हे तीन भाग वारसाहक्काचे आहेत. पहिल्या भागात आई मुलाकडून वचन घेते, परत इकडे यायचं नाही. दुसऱ्यात तो वचन मोडतो. तिसऱ्यात तो स्वतः बाप आहे आणि पोराला हाच धंदा शिकवतोय.

धंदा असा: जुन्या वाड्याखाली हस्तर नावाचा भुकेला राक्षस आहे, त्याला पिठाच्या बाहुलीने भुलवून त्याच्या लंगोटातली सोन्याची नाणी काढायची. शिकवणी नीट बघा. गिरणीवाला पोराला गिरणी शिकवतो तशी ती आहे. दोर असा धरायचा, पिठाचं रिंगण आधी आखायचं, बाहुली कधी टाकायची, हात कधी घालायचा. पहिल्या खेपेला बापाने बाहुली आणू नको म्हणून बजावलेलं असतं, तरी पोरगं ती लपवून आणतं. का आणतं? बापाला आपण तयार आहोत हे दाखवायचंय. पोराच्या या हौसेमुळे दोघांच्याही जिवावर बेततं, थोडक्यात वाचतात. पुढे एकदम पुष्कळ बाहुल्या न्यायची युक्तीही पोराचीच, आणि ती ऐकून बापाला अभिमान वाटतो. शेवटी बाप त्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून पोराला वाचवतो आणि बाहेर आल्यावर तीच लूट त्याच्यापुढे धरतो. पोरगं घेत नाही. तीन पिढ्यांत एकाने 'नको' म्हटलं. पोराचं काम करणारा मोहम्मद समद हाच त्यात वाड्यातल्या शापित म्हातारीच्या भूमिकेतही आहे. वंशाचा पहिला आणि शेवटचा चेहरा एकच, हे कळल्यावर पुन्हा पाहावासा वाटतो.

पावसाचं म्हणाल तर 'तुंबाड'वाल्यांनी खऱ्या पावसाळ्यात, अनेक वर्षं थांबून थांबून चित्रण केलं. लघुपटवाल्यांना ते परवडणारं नाही. पण वाई-पाचगणीच्या बाजूला जुलैत आठ दिवस काढता आले तर टँकर लावून पाडलेल्या पावसापेक्षा उजेड कितीतरी चांगला मिळतो. उन्हात टँकरचा पाऊस पाडला की सावल्या खोटं बोलतात.

पिठाची बाहुली, तासगाव (नेपथ्य, सामान)

वाईकरांनी बाहुलीचा विषय काढलाच आहे तर माप देते. नुसत्या कणकेची बाहुली चार तासांत तडकते आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. मैदा दोन वाट्या, बारीक मीठ एक वाटी, कोमट पाणी साधारण एक वाटी. पाणी थोडं थोडं घालायचं, दहा मिनिटं मळायचं. बोटाच्या जाडीपेक्षा जाड भाग करायचा नाही, आतून ओला राहतो. ओव्हनमध्ये १०० अंशांवर दोन-तीन तास, मग दोन हात व्हार्निश. व्हार्निश विसरलात तर मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळी चित्रणात बाहुली लोळागोळा होते. जवळून घ्यायच्या दृश्यासाठी मात्र ताज्या कणकेचीच वेगळी ठेवा, बोटाचे ठसे तिच्यातच दिसतात.

छतावरची ओल हवी असेल ('डार्क वॉटर', २००२, पाहून सगळ्यांना ती हवी असते) तर वाड्याच्या भिंतीला हात लावू नका. पांढरा रंग दिलेलं प्लायवूड छताला टेकवा. कडक काळा चहा स्प्रे बाटलीने मारा, वाळू द्या, पुन्हा मारा. चार-पाच थरांत कडेला गडद रेघ येते, तीच खऱ्या ओलीची खूण. तपकिरी रंग फासला की तो फासलेलाच दिसतो.

कृष्णाकाठ, सांगली

ताई, ओल कुठे आणि कधी दाखवायची तेही लिहा. त्या सिनेमात तिचं काम वेगळं आहे.

पिठाची बाहुली, तासगाव

बरोबर. त्यात आईचा मुलीच्या ताब्यावरून खटला चाललाय. घर नीट नाही, आई कामामुळे बालवाडीत उशिरा पोचते, हे सगळं तिच्याविरुद्ध जाणार आहे. म्हणून छताचा डाग वाढणं म्हणजे खटला हरण्याची भीती वाढणं. डाग प्रत्येक वेळी आईच्या एखाद्या चुकीनंतर मोठा झाला पाहिजे. मधेच, काही कारण नसताना मोठा केला तर ते नुसतं गळकं छत.

टेप चालू, कराड (ध्वनी)

ध्वनीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण लघुपटांत सगळ्यात आधी हाच मार खातो.

'द शायनिंग' (१९८०) मध्ये पोरगं तीनचाकी घेऊन हॉटेलभर फिरतं. चाकं लाकडी जमिनीवर खडखडतात, गालिचावर आली की गप्प, पुन्हा खडखड. संगीतापेक्षा तो खंड जास्त अंगावर येतो. बाप कुठेतरी त्याच इमारतीत बसलाय आणि पोरगं एकटं आहे, हे त्या आवाजातून कळतं. आपल्या वाड्यात हेच शहाबादी फरशी, शेणाने सारवलेली जमीन आणि लाकडी माडी यांवर जमतं. फक्त तिन्हीचं रेकॉर्डिंग वेगवेगळं करा. एकाच पावलांच्या आवाजाला कमी-जास्त करून ते होत नाही.

'हेरेडिटरी'मधला जिभेचा 'टक्' आवाज आधी एका मुलीची सवय म्हणून येतो, आणि ती गेल्यानंतर तोच घरात ऐकू येतो. लेकराची एखादी निरुपद्रवी सवय निवडा: नाक ओढणं, चमचा ताटावर आपटणं, 'आये' म्हणून लांबवलेली हाक. पहिल्या भागात ती किमान तीनदा साध्या प्रसंगात ऐकू आली पाहिजे. एकदाच ऐकवून पुढे वापरली तर प्रेक्षकाला ओळख पटत नाही.

प्रत्यक्ष काम: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. संवादाचे उंचवटे (सगळ्यात मोठा आवाज) उणे १२ डेसिबलच्या आसपास. दर जागेची निव्वळ शांतता एक मिनिट रेकॉर्ड करा, सगळ्यांना उभं करून, फोन बंद करून. आईने लेकराच्या कानात कुजबुजायचं असेल तर गेन (रेकॉर्डरवरची आवाज वाढवायची पातळी) वाढवू नका, माइक जवळ न्या. गेन वाढवला की मागची शेतीपंपाची मोटर आत येते, आणि ती ५० हर्ट्झची घरघर नंतर काढताना आवाजही पोकळ होतो. शेतीला वीज कोणत्या पाळीत आहे ते आधी गावात विचारून वेळ ठरवा. नव्या काठाच्या कडक साडीखाली लावलेला कॉलर माइक खसखसतो, साडी दोनदा धुऊन घ्या.

उसात माइकवर केसाळ टोपी नसेल तर जाऊच नका. पाचट (उसाची वाळकी पानं) वाऱ्याशिवायही वाजतं.

आडसाली, पलूस

उसाचा विषय निघालाय तर 'लपाछपी' (२०१७, दिग्दर्शक विशाल फुरिया). गरोदर बाई उसाच्या मधोमध असलेल्या घरात अडकते. पुढे हिंदीत 'छोरी' (२०२१) झाला. आईपणाचा इतका कडवट भयपट मराठीत दुसरा नाही, कारण भूत मागे लागतं ते मुलगी नको असणाऱ्या घरामुळे. सोनोग्राफीच्या कायद्याची पाटी दर दवाखान्यात असलेल्या आपल्या जिल्ह्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

चित्रणासाठी: जुलै-ऑगस्टला लावलेला आडसाली ऊस पुढच्या सप्टेंबरला माणसाच्या दीडपट-दुप्पट झालेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झालं की तोड कधी येईल याचा भरवसा नाही, तेव्हा सप्टेंबर साधा. चार-पाच फुटी सरीत कॅमेरावाला मावतो, तीन फुटीत नाही. पळण्याचं दृश्य दोन-तीन वेळाच मिळतं. नंतर सरी तुडवलेली दिसते, म्हणून लांबचा शॉट आधी घ्या. पानाची धार गाल चिरते: लेकराला पूर्ण बाह्या, आणि पुढून येणारी पानं दोघांनी धरून ठेवायची. आत मशाल, कंदील, फटाका काही नाही, वाळकं पाचट क्षणात पेटतं. घोणस आणि बिबट्या दोन्ही शक्य आहेत. गमबूट घाला, रात्री आत शिरण्याआधी मोठा उजेड आणि आवाज करा, लेकराला रात्री सरीत नेऊच नका. ते दृश्य बांधावर घेऊन जोडता येतं.

साडेतीन फूट, कोरेगाव (कॅमेरा)

थोडक्यात. सहा-सात वर्षांच्या पोराची नजर साडेतीन फुटांवर असते, तिथे लेन्स ठेवा. बापाचं डोकं फ्रेमबाहेर जाऊ द्या, हात आणि पट्टा दिसू द्या. शेवटच्या भागात उंची बदला, तीही एकदाच. सेकंदाला २४ फ्रेमवर शटरचा कोन १७२.८ अंश ठेवा, नाहीतर घरचे दिवे लुकलुकतात.

राजवाडा चौक, सातारा

सगळे तंत्र लिहीत आहेत, मला लेकरांचं लिहायचंय, कारण त्यात हयगय चालत नाही. बालकलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत. लघुपट लहान आहे म्हणून पोराचे तास वाढत नाहीत.

मनाचं याहून महत्त्वाचं. 'द बाबाडूक'मध्ये आई पोराला अत्यंत वाईट बोलते. ती वाक्यं त्या मुलासमोर म्हटलेलीच नाहीत. त्याच्या जागी एक मोठा माणूस गुडघ्यावर बसवला आणि आईने त्याच्यावर ओरडून घेतलं. मुलाची प्रतिक्रिया वेगळी घेतली. 'द शायनिंग'मधल्या मुलाला आपण भयपटात आहोत हेच माहीत नव्हतं. म्हणजे पद्धत अशी: पोराला लहान मुलांच्या भाषेतली वेगळी गोष्ट सांगा (बाबूला आई सापडत नाहीये, मग सापडते), दोन्ही बाजू वेगळ्या घ्या, संकलनाच्या टेबलावर जुळवा. नजरेची रेघ (कोण कुठे बघतंय ती) चुकू नये म्हणून स्टँडवर चिकटपट्टी लावा. आणि कट म्हटल्यावर आईचं काम करणाऱ्या बाईने त्या पोराजवळ जाऊन पाच मिनिटं बसायचं, रोज. खऱ्या आईबापांना सेटवर बसवा पण मॉनिटरसमोर नको. त्यांचा चेहरा बघून पोरगं घाबरतं.

अजून एक. अंगात येणं, मांत्रिक, मिरचीची धुरी हे दाखवताना साताऱ्याच्या माणसाने जबाबदारीने दाखवावं. डॉ. दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य दिलं तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३चा. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, धुरी देणं ही त्याच्या अनुसूचीतली पहिलीच बाब आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पडद्यावर आईच आजारी मुलीला मांत्रिकाकडे नेत असेल तर ती का नेते, आधी कुठल्या डॉक्टरकडे गेली, हे दिसू द्या. 'द एक्झॉर्सिस्ट'मधली आई तपासण्यांच्या रांगा लावते, पुरोहिताकडे शेवटी जाते.

पडदेवाला, विटा

दाखवणाऱ्यांसाठी क्रम: आधी 'डार्क वॉटर', मग मल्याळम 'भूतकालम' (२०२२, रेवती आणि शेन निगम, आई-मुलाचं न बोलणंच त्यात भुतापेक्षा जड आहे), मग 'द बाबाडूक'. 'हेरेडिटरी' पहिल्या रात्री लावू नका, लोक दुसऱ्या दिवशी येत नाहीत. संवाद कुजबुजीचे असतात, तेव्हा आवाजाची पातळी कुजबुजीवर लावा, किंकाळीवर नाही, आणि शेवटच्या रांगेत जाऊन ऐका.

वयस्क प्रेक्षक असतील तर 'रेलिक' (२०२०). आजी, मुलगी, नात. आजीची स्मृती जातेय, घराच्या भिंती काळ्या पडून आत सरकतायत. शेवटी मुलगी आईच्या अंगावरची साल अलगद सोलते आणि तिच्या कुशीत निजते, मागून नात झोपते, आणि तिला आपल्या आईच्या पाठीवर पहिला काळा डाग दिसतो. घरात विसराळू म्हातारं माणूस सांभाळणाऱ्यांना आधी सांगून ठेवा आणि दाराजवळची जागा द्या. दिवे लगेच लावू नका, दोन मिनिटं जाऊ द्या.

तारवाडा, मिरज

त्या दोन मिनिटांत पंखेही बंद ठेवा. 'रेलिक'च्या शेवटी श्वासांचा आवाज आहे.